खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद घट्टे पडलेल्या जागी हलकेच चोळायची. वर्षभर जिथे जू टेकलं, तिथे त्या संध्याकाळी माणसाचा हात टेकतो. घट्टा त्यानं जात नाही. घालवायचाही नसतो.

माझ्या घरी बैल नाही. नागपुरात हनुमाननगरच्या अंगणात, कडुनिंबाखाली, बाबांची मेटॅडोर आहे. १९८६ची, बंद बॉडीची, मागे दोन दारं. इतवारीत पहाटे किराणा भरायचा, काटोल-नरखेडच्या दुकानांत उतरवायचा आणि हंगाम असला की येताना संत्र्याच्या पेट्या आणायच्या. वीस वर्षं हाच तिचा रस्ता होता. मग बाबा थकले, गाडीही थांबली. निंबाचा पाला छताच्या पन्हाळीत साचत गेला, पावसाचं पाणी त्यात अडत राहिलं आणि गंज वरून खाली उतरला. बाबा गेले त्या वर्षी भंगारवाला दारात आला. वजन करून भाव सांगू लागला. गाडीचं वजन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला विकायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

मेटॅडोर हे नाव किती लांबून आलं! जर्मनीत हॅम्बुर्गला टेम्पो नावाची कंपनी होती. तिच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. आधी हान्सिएट ही तीनचाकी आली, पुढे १९६९पासून मेटॅडोर. कंपनीचं नाव आता फोर्स मोटर्स आहे, पण ‘टेम्पो’ मराठीनं कधीच आपलासा करून टाकला. गाडी कुणाचीही असो, सामान वाहते म्हणजे तो टेम्पो. ‘मेटॅडोर’ मात्र स्पॅनिश शब्द, अर्थ बैलाला रिंगणात तलवारीनं मारणारा. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गाडीकडे बघत उभा होतो. बैलबंडीचं काम हिनं घेतलं हे खरं. पण घेतलं म्हणजे तिनं बैलाला मारलं नाही, त्याचं जू आपल्या खांद्यावर घेतलं.

दुरुस्ती घरीच करायची ठरवली, कारण पैसे तेवढेच होते. महिन्याला पाच हजार, त्याच्या पुढे नाही. एका महिन्यात एकच काम. या मर्यादेनं मला सबुरी शिकवली. पैसा हाताशी असता तर गाडी कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये गेली असती आणि नवी होऊन परत आली असती. तिच्या अंगाला माझा हात लागलाच नसता.

पहिला महिना इंजिन. पिस्टन जाम झाले होते. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून नुसती वाट पाहिली. नवव्या दिवशी क्रँक हातानं फिरवला तेव्हा तो सुताएवढा हलला. पुढे टाकी धुतली, फिल्टर बदलले, नोझल तपासून घेतले. डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन धरत नाही. म्हणून पाइपाचा नट सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हातपंप दाबत बसायचं. ज्या संध्याकाळी ते सुरू झालं, त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. नंतर एवढंच म्हणाली, “दारात आल्यासारखं वाटलं.”

पत्र्याचं काम मला येत नव्हतं. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे एक म्हातारे डेंटर भेटले. चौकात आता मेट्रोची ऑरेंज लाइन येऊन थांबते. खाली रस्त्याच्या कडेला त्यांची हातोडी चालू असते. रविवारी सकाळी ते घरी येत. पोचा आलेल्या जागी मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची आणि पुढून हलके ठोके द्यायचे. मी जोरात मारला की ते हात धरत. “याले मारू नका जी, याले समजवा. पत्र्याले आपली जागा आठवते.” जिथे पत्रा ताणला गेला होता, तिथे ते आचेनं लाल करत आणि ओलं फडकं ठेवत, फुगलेला पत्रा आकसून जागेवर येई. सडलेला भाग तेवढाच कापला, अठरा गेजचे तुकडे जोडले. बाकीचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला आणि उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी रेड ऑक्साइडखाली झाकला.

नागपूरचं ऊन कोरडं. ते पत्र्याला जपतं, पण रबराला खातं. दारांची सगळी बीडिंग हातात घेताच भुगा झाली. रंगालाही वेळ पाहावी लागते. मे महिन्यात दुपारी फवारलेला रंग पत्र्यावर टेकण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. श्रावणात हवेच्या ओलीनं त्यावर पांढुरकी झाक येते. म्हणून आम्ही फाल्गुनातल्या पहाटा निवडल्या.

घासताना एक गोष्ट झाली. डाव्या बाजूला, पहाटेचं तिरपं ऊन पडलं की, अक्षरं दिसू लागली. पेंटरानं कधीकाळी कुंचल्यानं लिहिलेलं दुकानाचं नाव वरच्या रंगाखाली बुजलं होतं. पण जाड इनॅमलच्या त्या वळणांखालचा पत्रा शाबूत राहिला होता. ती बाजू मी तशीच सोडली.

पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्रानं नियम केले. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. माझ्या गाडीला पन्नास पूर्ण व्हायला अवकाश आहे. आणि झाली तरी तो मान खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या गाड्यांचा. जिच्यात बसून कुणी मिरवलं ती वारसा ठरते. जिनं गावांना तांदूळ, मीठ, तेल पोचवलं तिला त्या वहीत रकाना नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओझं वाहणाऱ्यांची आठवण सरकारी वहीत नसेल, तर ती घराघरांतच ठेवावी लागेल.

मेटॅडोरचं इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांची. मागे शाफ्ट नाही, म्हणून तळ जमिनीजवळ. हमालाला पोतं फार उंच उचलावं लागत नसे; मागच्या दाराशी टेकवलं आणि आत सरकवलं. वीस वर्षं त्या एका जागेवरून पोती घासत गेली. त्या उंबऱ्याचा रंग कधीच गेलेला आहे, कड वाकली आहे, आणि मधोमध लोखंड एखाद्या देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत झालं आहे. डेंटर तो सरळ करायला बसले तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्यांनी उंबऱ्यावर अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी पिशवीत ठेवली.

पण उघडं लोखंड पावसाळ्यात टिकत नाही. त्याला तेल लागतं. जवसाचं तेल पातळ चोळलं की वाळून त्याची साय धरते आणि ओल आत जात नाही. जवस आमच्याच मातीतला.

तेव्हापासून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी वाटीत जवसाचं तेल कोमट करतो. मागची दोन्ही दारं उघडतो. जिथे ओझं टेकत होतं, तिथे सुती फडकं हलक्या हातानं फिरवतो. दुसऱ्या दिवशी पोळा. तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा; गल्लीतली पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि आमच्याही दारात थांबतात. आई त्यांना खाऊ-पैशांचा बोजारा देते. मग एक चिमूट कुंकू घेऊन ती मागे जाते आणि उंबऱ्याला लावते.