थापटणे

चैत्रातील यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही तेरला गेलो होतो. सोबत आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात ड्रम वाजविणारा तरुण होता. एरवी सारा प्रवास बोटांनी गुडघ्यावर ताल धरणारा हा मुलगा त्या दिवशी मुकाट बसला होता. पुष्कळ खोदून विचारल्यावर कारण कळले, आणि कबूल करावयास हवे की आम्हांला प्रथम हसू आले. त्याचा आवडता परदेशी ड्रमवादक ज्या कंपनीच्या झांजा इतकी वर्षे वाजवीत होता, ती कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेला होता!

‘‘फादर, काल जो आवाज त्याला जगात सर्वोत्तम वाटत होता, तो आज कसा वाटेनासा होतो? त्याने स्वतःला विकलं का?’’

‘‘पैसा, बाळ, पैसा,’’ आम्ही म्हणालो. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूला अशी उत्तरे फार लवकर सुचतात.

वाचकांपैकी अनेकांना हा व्यवहार ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. ड्रमसंचात कातड्याची वाद्ये असतात तशा दांड्यांवर अडकविलेल्या मोठाल्या झांजाही असतात. त्यांना मुले सिंबल म्हणतात. नामांकित वादकाला या झांजा कंपनी विनामूल्य वा अल्प मोलात देते. त्याच्या मोबदल्यात त्याने तिच्याच झांजा वाजवावयाच्या आणि आपले नाव व छायाचित्र तिच्या जाहिरातीस द्यावयाचे. त्याचे पाहून हजारो होतकरू मुले तीच झांज विकत घेतात. वादकाने कंपनी बदलली की जुन्या कंपनीच्या यादीतून त्याचे नाव निघते, नवीन कंपनी त्याच्या आगमनाची दवंडी पिटते, आणि आमच्या तरुणासारखी मुले खट्टू होतात.

यातील सर्वांत जुने घराणे ख्रिस्ती आहे, हे आम्हांला या मुलाकडूनच कळले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये अवेदिस नावाचा एक अर्मेनियन ख्रिस्ती कारागीर होता. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून न तडकता दीर्घकाळ निनादणारी झांज त्याने सिद्ध केली. सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदासाठी तो झांजा घडवू लागला आणि ‘झांजकार’ या अर्थाचे झिल्जियान हे नाव त्यास मिळाले. १६२३ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झाले, त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी! घराण्याची विद्या पुढे अमेरिकेस गेली. १९२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे तिसऱ्या अवेदिसने कारखाना काढला. जीन क्रुपा हा जाझवादक त्याच्याकडे येऊन बसे, पातळ झांजा मागे, वाजवून पाही, परत करी. वादकाने कंपनीला नाव द्यावे, तसेच तिला शिकवावेही, ही रीत तेव्हाची.

पुढे तिसऱ्या अवेदिसच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन पुत्रांत वितुष्ट आले. वडील घर आर्मंडकडे राहिले; कॅनडातील मेडक्टिक गावचा कारखाना रॉबर्टकडे गेला. रॉबर्टने १९८१ मध्ये सॅली, बिल आणि अँडी या आपल्या मुलांच्या नावांतील अक्षरे जुळवून सेबियन ही नवीन कंपनी उभारली. एकाच पित्याची विद्या, एकच धातू, ऐंशी भाग तांबे व वीस भाग कथील, आणि आता दोन नावे. झांजा बदलणारे वादक पुष्कळदा या दोन भावांच्या दारांतूनच ये-जा करीत आले आहेत. कॅनडाच्या ‘रश’ या त्रिकुटाचा नील पर्ट कित्येक वर्षे थोरल्या घरच्या झांजा वाजवीत होता. या शतकाच्या आरंभी तो धाकट्याकडे गेला आणि त्याच्या सहभागाने ‘पॅरागॉन’ नावाच्या झांजा घडविल्या गेल्या. एसाव आणि याकोब यांची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना हे सारे अपरिचित वाटू नये.

‘‘मग पर्टने पण स्वतःला विकलं का?’’ आम्ही विचारले.

‘‘नाही फादर. तो त्या बनवायला बसला होता. स्वतः वाजवून बघितल्या त्याने.’’

एवढे बोलून तो पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

तेर हे तेरणाकाठचे गाव आज धाराशिव जिल्ह्यात एका बाजूला पडल्यासारखे आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर या नावाने रोमन जगताला माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापलीकडील बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे. येथील कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. भडोच बंदरात परदेशाहून जे उतरे त्यात मद्याबरोबर तांबे आणि कथीलही होते. झांजेचे दोन्ही धातू! गावातील लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू आहेत. येथे मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीचे साम्य पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी दाखविले जाते. भाजक्या मातीच्या मूर्तींपुढे आमचा तरुण बराच वेळ उभा होता. आम्ही मात्र त्या कथलाच्याच विचारात होतो. संत पौल ज्या करिंथकरांना पत्रे लिहीत होता त्यांचे नगर कांशासाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तो झांजेचे नाव काढतो ते काही कौतुकाने नव्हे. शेवटच्या स्तोत्रात मात्र तीच झांज परमेश्वराच्या स्तुतीस लावलेली आहे. वाद्य एकच, दोन्ही पवित्र लेखकांनी ते आपापल्या कानांनी ऐकले होते.

तेथून आम्ही गोरोबाकाकांच्या समाधीकडे गेलो. गोरा कुंभारांची एक कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातील लाकडी थापटण्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले. याने थापटून मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आमचीही मडकी पाहा, असा आग्रह झाला. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटत गेले. सारे निमूट बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि तेच मडके कच्चे ठरले. परंपरा सांगते की दुखावलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले व त्यांना गुरू केले.

ही कथा आम्ही आमच्या तरुणाला सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. कारण आम्हांला एक पत्र आठवले.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही एका खेड्यातील लहान धर्मग्रामात नव्याने आलो होतो. तेथील मंडळी भजनाच्या चालीवर उपासनागीते गात. १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्राने लोकांच्या संगीताला देवालयाचे दार उघडून दिले होते, आणि आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी ते मनापासून उघडले होते. हार्मोनियम, ढोलकी आणि टाळांचे बारा जोड. हे टाळ तालुक्याच्या गावातील एका वृद्ध ओताऱ्याने ओतून दिलेले होते. तो हिंदू होता. वर्षातून एकदा, नाताळच्या आधी, तो स्वतःहून येई, वेदीपासून दूर दाराशी बसे आणि चोवीसही वाट्या बोटाच्या पेराने वाजवून पाही. एखादी बद्द वाजली तर ती पिशवीत टाकून नेई व आठ दिवसांनी दुसरी आणून देई. किती पैसे द्यावयाचे ते तो कधी सांगत नसे. आम्ही देऊ ते घेई. आज वाटते, फार थोडे दिले.

अशात एका शहरातील वाद्यविक्रेत्याने आम्हांला ड्रमसंच देऊ केला, झांजांसह, विनामूल्य. अटी किरकोळ होत्या: ड्रमवर दुकानाचे नाव राहावे, सणाच्या दिवशी तोच वाजावा, आणि आम्ही एक शिफारसपत्र द्यावे. तरुण मंडळी हरखली. आम्हीही हरखलो, नवा धर्मगुरू काही करून दाखवितो असे लोकांना वाटावे, ही इच्छा आमच्या ठायी तेव्हा पुष्कळ होती. पत्र आम्ही उत्तम लिहिले. नादमाधुर्य, टिकाऊपणा, सेवाभाव, सारे शब्द त्यात होते. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले होते, भाषा शिकविली होती. ज्या वस्तूची शिफारस करतो ती एकदा वाजवून पाहावी, हे शिकविले नव्हते, असे म्हणून सुटता येईल काय? ते तर ओताऱ्याला दाराशी बसलेला पाहूनही शिकता आले असते.

झांजा पितळी पत्र्याच्या होत्या. वर्षभरात त्यांचे काठ दुमडले, मधल्या भोकापाशी चिरा गेल्या आणि आवाज परातीसारखा झाला. हे आमच्यापुरते राहिले असते तर एक वेळ चालले असते. पण आमच्या पत्राच्या प्रती त्या विक्रेत्याने इतर धर्मग्रामांत फिरविल्या होत्या. एका गावच्या गरीब मंडळींनी वर्गणी काढून, रोख पैसे मोजून तसाच संच घेतला. त्यांचा वृद्ध धर्मशिक्षक नंतर आम्हांला भेटला. तो रागावला नाही. ‘‘फादर, तुमची सही होती म्हणून घेतलं,’’ एवढेच म्हणाला.

आणि ओतारी? तो त्या वर्षीही नाताळच्या आधी आला होता. टाळ पेटीत बंद होते. दाराशी उभा राहून त्याने ड्रमचा सराव ऐकला, आम्हांला नमस्कार केला आणि न बसता गेला. पुढच्या वर्षी आला नाही. तो वारल्याचे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले.

हे सारे आम्ही तेरच्या त्या मंडपात आमच्या तरुणाला सांगितले. धर्मगुरूने पापनिवेदन ऐकावयाचे असते. कोण्या ड्रमवाल्या मुलाला ऐकवावयाचे नसते. पण सकाळी ‘पैसा, बाळ, पैसा’ असे म्हणून आम्ही त्याच्या नायकाला निकालात काढले होते, आणि ते ऋण आमच्यावर होते. आम्हांला तर पैसाही मिळाला नव्हता. त्या परदेशी वादकाने नवी झांज कानाला लावून पाहिली की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही; त्यालाही नाही. आमच्याविषयी मात्र आम्हांला ठाऊक आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘फादर, ते बारा जोड कुठे आहेत?’’

ते त्याच जुन्या धर्मग्रामात, पेटीत होते. परतताना आम्ही वाट वाकडी करून तेथे गेलो. भजनी मंडळाची प्रमुख असलेली आजी अजून आहे; ऐकू थोडे कमी येते. तिने पेटी उघडली, हिरवट डाग पडलेल्या वाट्या पदराने पुसल्या आणि एकेक उचलून कानाशी धरून वाजविली. आमच्या तरुणाने दोरीचे तुकडे कापून दिले. चोवीसपैकी एकवीस तिने उजवीकडे ठेवल्या. उरलेल्या तीन पिशवीत घालून ती म्हणाली, ‘‘बुधवारी बाजाराला जाईन तवा त्याच्या पोराकडे टाकते. त्यो करतोय अजून. तुमी पत्र-बित्र काय देऊ नका, फादर.’’