जीव अडकलाय म्हणतात तेव्हा

जनावर जायला लागलं की शेतकऱ्याला आधी कळतं. बैल वैरणीवरून तोंड फिरवतो, रवंथ थांबते, कान गार लागतात. तेव्हा आपण त्याच्या तोंडात कडबा कोंबत नाही. खाली पाचट अंथरतो, माशा हाकलतो, पाठीवरून हात फिरवतो. माणसाच्या वेळी मात्र हे शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

आमच्या आबांना जठराचा कॅन्सर निघाला तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाजूला घेतलं. म्हणाले, "ऑपरेशनच्या पलीकडं गेलंय. घरी न्या. दुखणार नाही एवढं आपण बघू." त्या 'आपण'नं मला धीर आला. धाकटा भाऊ मात्र बिथरला. "घरी न्या म्हंजे मरायला न्या, असंच की दादा?" दोन एकर विकू पण पुण्याला नेऊ, असा त्याचा हट्ट. शेवटी आबाच बोलले, "रान इकायचं न्हाई. मला माझ्या वाकळंवर निजू द्या."

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. गावात बोभाटा झाला, पोरं म्हाताऱ्याला अफू चारत्यात. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. मॉर्फिन अफूपासूनच करतात आणि ती अफू मध्य प्रदेश, राजस्थानातले आपल्यासारखेच शेतकरी सरकारी परवान्यावर पिकवतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकानं कैक दवाखाने हे औषध ठेवतच नसत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात दिली तर ही गोळी माणसाला नाही, दुखण्याला मारते. पोट साफ राहायला सोबत दुसरं औषध लागतं, एवढंच. आबा त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

पुढं त्यांचं जेवण सुटलं. आक्का माहेरी आली ती दूधभाताची वाटी घेऊनच बसली. "बापाला उपाशी मारताय व्हय रं?" म्हणून माझ्याशी भांडली. मी डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला. ते म्हणाले, "ताई, ते खात नाहीत म्हणून चाललेले नाहीत, चाललेत म्हणून खात नाहीत." शरीराचा कारभार आवरायला लागला की भूक मरते. बळं भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. सलाईनचं पाणी झेपत नाही, अंगाला सूज येते, छाती भरते. त्यापेक्षा ओल्या कापसानं ओठ भिजवा, असं त्यांनी सांगितलं. आक्कानं ते काम स्वतःकडं घेतलं. रात्रंदिवस केलं.

मला १९८२ साल आठवतं. पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. त्यांनी ते ठरवून सोडलं होतं. आबांच्या शरीरानं आपसूक सोडलं. दोन्ही गोष्टी वेगळ्या. पण विनोबांपुढं हात जोडणारे आपण घरातल्या म्हाताऱ्यानं ओठ मिटले की चमचा घेऊन मागं लागतो, याचं मला नवल वाटतं.

मग एक दिवस आबा एकदम तरतरीत झाले. चहा मागितला, हरभऱ्याला घाटे धरले का विचारलं. भाऊ म्हणाला, "बघ, सुधारले! गाडी सांगू?" विझताना वात मोठी होते असं आपल्याकडं म्हणतात. डॉक्टर लोकांनीही हे पाहिलेलं असतं. सगळ्यांचं नाही, पण काहींचं असं होतं. मी भावाला म्हटलं, "गाडी राहू दे. आजचा दिवस त्यांच्याजवळ बस." तो बसला. बापलेक हरभऱ्यावरच बोलत राहिले.

दुसऱ्या रात्री घरघर लागली. पाय गार पडले, गुडघ्यावर निळसर चट्टे आले. श्वास थांबायचा, आता संपलं म्हणावं तर पुन्हा चालू व्हायचा. भावकी जमली. "जीव अडकलाय," कुणी म्हणालं. "कुणाची तरी वाट बघतोय." वाट कुणी बघत नसतं. मेंदूचा श्वासावरचा ताबा सुटत चालला की श्वास असा तुटक होतो. घरघर म्हणजे गिळता न आलेली लाळ. ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं, पण माणूस तोवर बेशुद्धीत गेलेला असतो, त्याला बहुधा ती जाणवत नाही. आम्ही आबांना कुशीवर केलं, आवाज निम्मा झाला.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की 'जीव अडकलाय' हा शब्द मागं राहणाऱ्याला फार छळतो. आमच्या भावकीतली एक लेक पुराच्या पाण्यामुळं वेळेवर पोचली नाही. "तुझ्यासाठी आई चार दिवस तळमळली," हे तिला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. त्या बाईचा काय गुन्हा?

सगळ्या रिती टाकाव्यात असं मात्र मी म्हणत नाही. कानाशी देवाचं नाव घ्यायची रीत चांगली. कॅनडातल्या संशोधकांना २०२० साली दिसलं, की शेवटच्या घटकेला बेशुद्ध असलेल्या काही माणसांचा मेंदूही आवाजाला दाद देत होता. तेव्हा बोलत राहावं. गंगाजळाचं बोट ओठांना लावावं, पळीनं घशात ओतू नये. जमिनीवर घ्यायचं ते श्वास थांबल्यावर घ्यावं. जित्या, ठणकत्या अंगाला उचलाउचल कशाला?

आबा पहाटे गेले. दहाव्याला कावळा लवकर शिवेना. लोक कुजबुजायला लागले, इच्छा राहिली म्हणून. तेव्हा भाऊ पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "आबा, रान इकत न्हाई." थोड्या वेळानं कावळा आला. त्याला भूक लागली असेल असं मी म्हणतो, भाऊ वेगळं म्हणतो. त्यावर आम्ही वाद घालत नाही. रान अजून आहे.