तापमान नेमकं कुठलं?

एप्रिलमधल्या एका दुपारी द्राक्षांच्या पॅकहाउसमधून फोन आला. "दादा, तुमची पेटी बंद पडली." पेटी मीच बनवून दिली होती. पत्र्याच्या डब्यात लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, पॉवर सप्लाय, एक पंखा आणि एलएम७५ जातीचे तीन तापमान सेन्सर. एक हवा आत येते तिथे, दुसरा गरम हवा बाहेर पडते तिथे, तिसरा पॉवर सप्लायला चिकटवलेला. तिसऱ्याचा आकडा चढला की पंख्याचा वेग वाढायचा.

गेलो, पेटी पुन्हा चालू केली. तासाभरात सप्लायला हात लावता येईना, आणि पंखा मात्र सावकाश फिरत होता. स्क्रीनवर सप्लायचं तापमान होतं ४१ अंश. मी सेन्सरला दोष दिला. नवा बसवला. आकडा तोच.

यात दोन दिवस गेले. मग आठवलं, आठवड्यापूर्वी मीच घरून कर्नल अपडेट केलं होतं.

लिनक्समध्ये प्रत्येक सेन्सरला 'एचडब्ल्यूमॉन' नावाचं फोल्डर मिळतं आणि त्यापुढे क्रमांक लागतो: ०, १, २. ज्याची नोंद आधी होईल त्याला आधीचा क्रमांक. सेन्सर कुठे बसवलाय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये हे क्रमांक थेट लिहिलेले होते. अपडेटनंतर प्रोसेसरच्या स्वतःच्या सेन्सरची नोंद आधी झाली आणि ० त्याला गेला. माझे तिघे एकेक घर पुढे सरकले. सप्लाय म्हणून मी वाचत होतो ती बाहेर पडणारी हवा. सप्लायचा खरा सेन्सर ३ वर होता आणि तो कोणीच वाचत नव्हतं. आत येणारी हवा स्क्रीनवर ५८ अंश दिसत होती. त्या आकड्याकडे मी पाहिलंच नाही.

फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचून सेन्सर ओळखू म्हटलं, तर तिन्हींत एकच उत्तर: एलएम७५. ते चिपचं नाव, जागेचं नव्हे.

मग डिव्हाइस ट्री उघडलं. बोर्डाला काय काय जोडलंय याचं वर्णन त्यात असतं. तिथेही चुकलो. नोडच्या आधी नाव लिहून कोलन दिला, कंपाइल केलं, बोर्ड रीस्टार्ट केला. काहीच बदललं नाही. त्या कोलनवाल्या नावालाही लेबलच म्हणतात, पण ते वर्णनात एका नोडचा उल्लेख दुसरीकडे करण्यापुरतं. मग नोडचंच नाव 'सप्लाय' करायला निघालो होतो, एका मित्राने थांबवलं. तिथे वस्तूचा प्रकार लिहायचा, 'टेम्परेचर-सेन्सर', आणि पुढे पत्ता. आयटूसी या जोडणीवरचे माझ्या सेन्सरांचे पत्ते हेक्समध्ये ४८, ४९ आणि ४ए.

हवी होती ती नोडच्या आतली 'लेबल' नावाची प्रॉपर्टी. तिन्ही नोडांत ती लिहिली: इनलेट, एक्झॉस्ट, पॉवर सप्लाय. 'सेन्सर १' असं लिहिलं नाही, वर्षभराने ते मलाच कळलं नसतं. रीस्टार्टनंतर प्रत्येक फोल्डरमध्ये 'लेबल' फाइल आली. आता स्क्रिप्ट सगळी फोल्डरं चाळते आणि लेबल जुळलं तरच आकडा घेते. लेबल सापडलं नाही तर पंखा पूर्ण वेगाने सोडते. जुन्या कर्नलमध्ये ही फाइल येत नाही. तिथे आयटूसीच्या पत्त्यावरून फोल्डर शोधावं लागतं.

शेवटी एकेका सेन्सरवर बोट ठेवून पाहिलं. फाइलमधला आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो, ३१५०० म्हणजे ३१.५ अंश. ज्यावर बोट, त्याचाच आकडा चढतो ना, हे बघायला पाच मिनिटं लागली. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर नवा सेन्सर आणावा लागला नसता.

त्या सेन्सरचे पैसे मी बिलात लावले होते. ते परत केले. त्यानंतर एका अपडेटमध्ये क्रमांक पुन्हा सरकले, पंखा मात्र बरोबर चालतोय.