तंजावरच्या राजवाड्यात

आर्वीला उर्दू शाळेत शिकत असताना मला मराठीचा तास नकोसा वाटे. जोडाक्षर दिसले की छातीत धडधडे. घरी उर्दू, गल्लीत हिंदी. मग मराठीचा आपल्याला काय उपयोग, असे मी अब्बांना विचारत असे. ते फक्त हसत. या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले आणि तेही महाराष्ट्राबाहेर!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक सहलीला निघालो. सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नईला आणि तेथून तंजावरला गेलो. तमिळनाडूतील या शहरात एक विस्तीर्ण राजवाडा आहे. सोळाव्या शतकात नायक राजांनी तो बांधायला सुरुवात केली. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले. भोसल्यांनी नायकांचा वाडा पाडला नाही. त्यातच ते राहिले आणि त्यात नव्या इमारतींची भर घातली. १८५५ पर्यंत त्यांचे राज्य टिकले. दरबाराचे जाड खांब, रुंद कमानी आणि त्यांवरील रंगीत चित्रे पाहून आम्ही थक्क झालो.

याच राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांनी ते वाढवले. काशीयात्रेला गेले असतानाही त्यांनी ग्रंथ जमवले. येथे संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर ३,००० हून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत.

आम्ही आपसांत मराठीत बोलत होतो. ते ऐकून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले.

"कोठून आलात? आमच्या घरीही मराठीच बोलतात," ते म्हणाले.

त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात तंजावरला आले होते. विक्रीसाठी ठेवलेले एक मराठी पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिले.

"एवढे वाचून दाखवता? मी शाळेत तमिळ शिकलो. मराठी बोलता येते, अक्षरे मात्र ओळखता येत नाहीत."

मी एक पान वाचले. जुने शब्द मला अडत होते. प्रत्येक शब्दाचा अर्थ ते चटकन सांगत होते. अक्षरे मला येत होती, अर्थ त्यांना!

"तुमच्या घरची भाषा कोणती?" त्यांनी विचारले.

"उर्दू. मराठी शाळेत शिकलो."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "मग पुढचे पानही वाचा," ते म्हणाले.

आज वर्गात कोणी जोडाक्षराला अडखळले की मी ही गोष्ट सांगतो. मुलांनो, राजवाड्याच्या भिंतींची डागडुजी गवंडी करतात. आतील ग्रंथांना मात्र वाचणारा लागतो. तो वाचणारा तुमच्यापैकीही कोणी असू शकेल.