आठ खटक्यांचा प्रस्तार

१९८१ सालीं आयबीएमनें अमेरिकेंत जो वैयक्तिक संगणक विक्रीस काढिला, त्याच्या मुख्य फलकावर आठ-आठ खटक्यांच्या दोन पट्ट्या होत्या. त्यास जोडावयाच्या इतरांच्या कार्डांवरहि असेच खटके असत. त्यांचा अर्थ पुष्कळदां केवळ पुस्तिकेंत सांपडे. ती हरवली कीं कार्ड मुकें झालें!

माझ्या दिवंगत बंधूंचे लेख त्याच जातीच्या एका जुन्या यंत्रांत अडकले होते. ते तारेनें नव्या यंत्रांत उतरविण्यासाठीं पुतण्यानें जुन्या बाजारांतून एक सीरियल कार्ड आणिलें. वर आठ खटके, पुस्तिका नाहीं. म्हणजे मांडण्या २५६. आठ अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेद पिंगलाच्या प्रस्तारानें तितकेच होतात. त्यामुळें ही संख्या मला परकी वाटली नाहीं.

सर्व मांडण्या तपासण्याचें कारण नव्हतें. यंत्र बंद करून एकच खटका हलवावा, इतर सात तसेच ठेवावे आणि पुन्हां सुरू केल्यावर काय पालटलें तें वहींत टिपावें. नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक तो हाच. पहिल्या पोर्टाचा पत्ता ३एफ८ आणि यंत्राचें लक्ष वेधणारी रेषा चौथी. दुसऱ्याचा पत्ता २एफ८ आणि रेषा तिसरी, हा संकेत प्रसिद्धच आहे. त्याच्याशीं ताडून पाहतां एक खटका पत्त्याचा व दोन रेषेचे ठरले. त्या दोहोंचा अर्थ मात्र सामासिक पदांप्रमाणें जोडीनेंच लागला.

लेख उतरले. मग पुतण्यास म्हटलें, “बाळ, हें कोष्टक कार्डाच्याच पेटीवर चिकटव.” जाणत्याबरोबर जाणारी माहिती घरास उपयोगी पडत नाहीं, लिहून वस्तूशीं बांधलेली पुढच्या पिढीस पुरते.