भुकेले इंजिन

नागपूरच्या इतवारीत काही घरांसमोर अजूनही कार्बोरेटरची मारुती ८०० उभी दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि पुढची कित्येक वर्षे व्यापारी कुटुंबातील पहिली मोटार बहुधा हीच असे. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही वडिलांनी दुकानाच्या कमाईतून घेतलेली गाडी मोडीत घालण्यास पुष्कळांचे मन धजत नाही. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. तेही ते निमूटपणे करतात.

इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्याकडे अशीच एक गाडी आहे. पावसाळाभर ती जवळजवळ उभीच होती, कारण चातुर्मासात गावाबाहेर न जाण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा नेम. दिवाळीनंतर सारे कुटुंब रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात दर्शनाला निघाले आणि कामठी ओलांडताच गाडीने कुरकुर सुरू केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर ती क्षणभर अडखळे, मग कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येई. मनसरच्या वळणावर थांबून पेट्रोल पंपावर ओले फडकेही गुंडाळून झाले. उन्हाळ्यात नळीतील पेट्रोलची वाफ झाली तर हा उपाय लागू पडतो. कार्तिकातल्या गार सकाळी तो लागू पडण्याचे कारण नव्हते, पण सवयीपुढे ऋतू कोण पाहतो!

परतल्यावर पहिल्या गॅरेजमध्ये निदान झाले: ‘इंजिन खोलावे लागेल.’ खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास होता. मुलाचे म्हणणे, विकून टाका. घरात दोन दिवस या विषयावर फारसे कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सेंट्रल अव्हेन्यूच्या मागे काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीला गाडी दाखविली.

मिस्त्रीने इंजिन खोलले नाही. आधी तिन्ही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. निरोगी इंजिनाच्या प्लगवरील चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असतो. पेट्रोल जास्त जात असेल तर तो काजळीने काळा पडतो. हे तिन्ही प्लग खडूसारखे पांढरे होते. मग त्याने सिलिंडरमधील दाब मोजला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि चांगले आले, म्हणजे खोलकामाची गरज नव्हती. शेवटी इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा ओढला. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते. थरथरणारे इंजिन तात्काळ शांत झाले. नागपुरी गॅरेजच्या हिंदीत तो एवढेच म्हणाला, “शेठजी, गाडी हवा खा रही है.”

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. हवा याहून बरीच अधिक झाली की मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रण मंद जळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळीही धगधगत असते. इंजिनात शिरणारे पेट्रोल वाफ होताना जो गारवा देते, तोही कमी पडतो. असे फार काळ चालले तर व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनच्या माथ्याला इजा होते आणि खोलकामाचा तो अंदाज मग खरा ठरतो. गंमत अशी की हे दुखणे अनेकदा मागून घेतलेले असते. ‘ॲव्हरेज वाढवून दे’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि कारागीर मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा आवळून देतो. गिऱ्हाईक काटकसरीवर खूश, इंजिन मात्र अर्धपोटी.

पण हवा शिरते कुठून? गाडी एका जागी सुरू असताना थ्रॉटल बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ जबर असते. तेव्हा बारीकशा फटीतूनही पुष्कळ हवा आत येते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि त्या फटीचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून जी गाडी उभ्या उभ्या थरथरते पण वेगात नीट धावते, तिची गळती शोधावी. जी उभी असता ठीक पण ओझ्याखाली अडखळते, तिचा पेट्रोलचा पुरवठा तपासावा. या गाडीत दोन्ही लक्षणे होती. अर्थात दोष दोन.

पहिला लवकर सापडला. काही जण गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे. मिस्त्रीने साध्या पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारला. कार्बोरेटरच्या तळाच्या गॅस्केटपाशी काही घडले नाही. मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या एका रबरी नळीच्या वाकणापाशी मात्र इंजिन अडखळले. आतल्या बाजूने नळीला चीर गेली होती. नवी नळी शंभर रुपयांच्या आत मिळाली. मग आवळलेला स्क्रू त्याने पुन्हा जागेवर आणला. हा क्रम महत्त्वाचा. नळी तशीच ठेवून नुसता स्क्रू सैल केला असता तरी गाडी तात्पुरती सुधारली असती. पण ते तेरीज जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकण्यासारखे झाले असते.

दुसरा दोष या एका गाडीपुरता नाही. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि आता ते बहुतेक पंपांवर मिळते. नागपूरला इथेनॉल नवे नाही. त्यावर धावणारी बस या शहराने ऑगस्ट २०१४ मध्येच पाहिली. परंतु त्या बसचे इंजिन त्याच इंधनासाठी घडविलेले होते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला सुमारे नऊ भाग हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचे योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. नव्या गाडीतील ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पुरवठा वाढवितो. कार्बोरेटरला डोळे नसतात. तो जुन्याच मापाने ओततो आणि मिश्रण सात-आठ टक्के विरळ होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वाढत गेले, तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसू शकते. मिस्त्रीने टाकीचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी एक वेगळा, निवळ थर दिसत होता.

टाकी धुतली गेली, फिल्टर बदलला, इथेनॉलने फुगलेली पेट्रोलची जुनी नळीही बदलली. मुख्य जेट एका क्रमांकाने मोठे बसविले. काही कारागीर जुन्याच जेटचे छिद्र तारेने कोरून वाढवितात. त्यात माप राहत नाही आणि पुढच्या दुरुस्तीला आधारही उरत नाही. हा मिस्त्री त्याच्या विरुद्ध होता, आणि त्याचेच बरोबर होते.

कान्हानपर्यंत जाऊन येऊन प्लग पुन्हा काढले. दोन तपकिरी झाले होते, तिसरा अजून किंचित फिका. मिस्त्रीने शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बोलाविले. व्यापाऱ्याने जेटचा जुना आणि नवा क्रमांक, तारीख व मीटरचा आकडा खतावणीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवला. मुलाने त्या पानाचा फोटो काढून घेतला.