उचल

गणिताच्या पुस्तकांत जी माणसे राहतात, त्यांच्याविषयी मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. एक गृहस्थ आयुष्यभर हौदाला दोन नळ लावतो आणि तिसऱ्या नळाने तोच हौद रिकामा करीत बसतो. दुसरा आपण दुधात पाणी किती घातले हे स्वतःच विसरतो आणि सातवीच्या पोरांना विचारतो. तिसरा पिशवीत काळेपांढरे चेंडू भरून, डोळे मिटून एकेक बाहेर काढतो. त्याला दुसरा काही उद्योग दिसत नाही. या मंडळींना बायकामुले असतील का, दिवाळीला ती काय करीत असतील, असे प्रश्न मला शाळेत असताना पडत. गुरुजींना ते विचारण्याची छाती मात्र कधी झाली नाही.

आता पंचाहत्तरी उलटली तरी या मंडळींची सोबत सुटलेली नाही, आणि त्याला कारण आमचे घर. आम्ही नगरचे. गावाचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पाटीवर ते बसले आहे, आमच्या पिढीच्या जिभेवर बसायला थोडा वेळ लागेल इतकेच. माडीवरच्या तीन खोल्या आम्ही कॉलेजच्या मुलांना भाड्याने देतो. १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी येथे अहमदनगर कॉलेज सुरू केले, आणि १९६६ साली मी त्यात पहिले पाऊल टाकले. पुढे बँकेत आकडे लिहीत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर आकडे सुटतील असे वाटले होते. पण संध्याकाळी दिवे लागले, की माडीवरून कोणी ना कोणी वही घेऊन खाली येते, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर चार विषयांचा संसार मांडला जातो.

पदार्थविज्ञान घेऊन येते ती अकोल्याची मुलगी. माझ्या पत्नीच्या मावसबहिणीची नात. ती घरातच असते आणि बी. एस्सी. करते. एके दिवशी तिने विहिरीचे उदाहरण आणले. विहिरीत दगड सोडला. दोन सेकंदांनी आवाज ऐकू आला. तर विहीर किती खोल? तिने चटकन मांडले आणि १९.६ मीटर हे उत्तर काढले. मी म्हटले, “आवाज वर यायलाही वेळ लागतो ना?” मग पुन्हा मांडणी झाली. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर एक वर्गसमीकरण उभे राहते, आणि ते सोडवले की विहीर साडेअठरा मीटर भरते. केवळ आवाजाचा प्रवास विचारात घेतल्यामुळे विहीर मीटरभर उथळ झाली, याचे तिला मोठे नवल वाटले. पदार्थविज्ञानाचा धागा धरून बीजगणित असे हळूच घरात शिरते.

शेजारी पाथर्डीचा मुलगा बसला होता. तो बी. कॉम.चा. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “आमच्याकडं दगड टाकून खोली नाही बघत, आजोबा. पाणी आहे का ते बघतात. डुबुक वाजलं तर विहीर, खडक वाजला तर टँकर.”

आम्ही सगळे हसलो. हसून झाल्यावर माझ्या मनात आले, की उदाहरण करणाऱ्याने खोली विचारली खरी. पण ज्याची विहीर आहे त्याचा प्रश्न या पोराने विचारला. आपल्या भास्कराचार्यांना हे बरोबर कळले होते. त्यांनी लीलावती रचली ती बाराव्या शतकात. पण त्यातल्या उदाहरणांत कमळावरचे भुंगे आहेत, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, सापावर झेप घेणारा मोर आहे. गणित शिकता शिकता बाहेर डोकावायला त्यांनी खिडकी ठेवलेली आहे.

अकोल्याच्या मुलीचे माहेरचे पाणी म्हणजे भंडारदरा. प्रवरेवरचे हे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर. आम्ही एका रात्री त्याच्या तळाशी पाण्याचा दाब किती होईल याचा हिशोब केला. पाणी काठोकाठ असेल तर वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ आठपट भरला. दाब तळ्याच्या विस्तारावर नसून खोलीवर असतो, आणि म्हणून भिंत वर अरुंद व पायाशी जाड बांधतात, हे तिने शाळेत पाठ केले होते. त्या रात्री ते तिला दिसले. ते पाणी कालव्यांनी खाली राहुरी-श्रीरामपूरकडे उतरले, त्यावर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर १९५० साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची ती उभारणी आपल्याला ठाऊकच आहे. पाथर्डीच्या डोंगराळ, कोरड्या रानापर्यंत हे पाणी पोचले नाही. तेथून माणसे पाण्याकडे जातात. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत भरायचे आणि उसाच्या फडावर जायचे. ऊस तोडून संपला की परतायचे. आमच्या माडीवरच्या मुलाचे आईवडील अशांपैकीच.

संख्याशास्त्राचा पेपर या दोघांनाही आहे आणि दोघांचाही त्याच्यावर राग आहे. मला मात्र तो विषय आवडतो. भर शेत न मोजता, चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडून, त्यांतला ठरावीक तुकडा कापून सगळ्या मुलखाच्या पिकाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे होते, हे सांगितल्यावर त्यांचा राग थोडा उतरला. पण सरासरी म्हणजे काय ते आमच्याच जिल्ह्याने शिकवावे. अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला वर्षाचा पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. पाथर्डी-जामखेडकडे तो काही शेकड्यांवर थांबतो. दोन्ही मिळवून जिल्ह्याची सरासरी काढली, तर जो आकडा येतो तेवढा पाऊस ना हिच्या गावी पडतो, ना त्याच्या. म्हणून तर पुस्तकात सरासरीच्या पाठोपाठ प्रमाण विचलनाचे प्रकरण येते. माणसे सरासरीपासून किती दूर राहतात, ते ते प्रकरण सांगते.

आता हिशोबाच्या वहीकडे वळतो. दिवाळीच्या अंकात तिला मानाचे पान द्यायला हवे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापाऱ्याच्या घरी वही देवापुढे असते. इटलीत लुका पाचोली नावाच्या साधूने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत ग्रंथात छापली. त्या पद्धतीत प्रत्येक रकमेला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात. मी शाळेत गेलो तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि १९२ पै होत्या. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि बेरीज सोपी झाली. पण नावे-जमेची अडचण होती तेथेच राहिली. ती कोणत्याही दशमान पद्धतीने सुटत नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात पाथर्डीचा मुलगा तेरीज घेऊन बसला होता आणि ती काही केल्या जुळत नव्हती. फरक ७,६०० रुपयांचा. बँकेत आम्हांला जुन्या लोकांनी दोन युक्त्या शिकवल्या होत्या. फरकाला नऊने निःशेष भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. तसे नसेल तर फरकाची निम्मी करायची आणि ती रक्कम शोधायची. ती सापडली तर भलत्या बाजूला लिहिलेली असते. ७,६०० ला नऊने भाग जात नाही. निम्मे ३,८००. बोट फिरवत गेलो तो ३,८०० ची एकच रक्कम सापडली: मालकाची उचल. त्याने ती जमेच्या बाजूला, देण्यांत लिहिली होती.

“उचल नावे पडते,” मी म्हणालो. “दुकानदाराने आपल्याच दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्चाला पैसे घेतले, ती उचल. ती भांडवलातून वजा होते.”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आपलेच पैसे घेतले तर त्याला उचल म्हणतात व्हय? आमच्यात उचल म्हणजे कर्ज.”

त्याचे खरे होते. ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो ती उचल, आणि ती ऊस तोडून फेडायची. एकच शब्द, वाण्याच्या वहीत तो मालकाचा हक्क आहे आणि या पोराच्या घरात गळ्यातला दोर. तेरीज चुकली खरी, पण त्याच्या अनुभवाच्या बाजूने पाहिले तर त्याने रक्कम अगदी बरोबर ठिकाणी लिहिली होती.

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. आईची कंबर उन्हाळ्यापासून धरली होती. कोयता अर्धा झाला होता. मुकादम एक लाख उचल द्यायला तयार होता, पण जोडी पुरी हवी. तेव्हा एका हंगामापुरते पोराने कॉलेज सोडून बापाबरोबर यावे, असे घरात चालले होते. “एका वर्षाचा तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. पण बोलताना त्याने वर पाहिले नाही.

मी त्याला म्हटले, “हे उदाहरण पुस्तकातले नाही, पण मांडून तर बघू.” जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये ठरला होता. तो धरला. एक लाख फिटायला २७४ टन तोडावे लागतात. जोडीने रोज दोन टन तोडले तरी १३७ दिवस. हंगाम धरला १२० दिवसांचा. म्हणजे २४० टन, ८७,८४० रुपये. १२,१६० अंगावर राहिले. त्यात आठवड्याची खर्ची मिळवायची. ११०० रुपये धरली तर सतरा आठवड्यांची १८,७०० होते. एकूण बाकी ३०,८६०. ही बाकी पुढच्या वर्षीच्या वहीची पहिली ओळ होणार, आणि ती फेडायला पुन्हा पुरा कोयता लागणार.

“म्हणजे एका वर्षाचा प्रश्न नाही,” अकोल्याची मुलगी हळूच म्हणाली.

मग त्याने स्वतःच उलटी मांडणी केली. उचल किती घ्यावी हेच अज्ञात धरले. वडिलांबरोबर विधुर चुलते गेले तर? दोघे पन्नाशीचे, दोन टन होणार नाहीत, सरासरीला गुडघे दुखत नाहीत पण चुलत्यांचे दुखतात. त्याने दीड टनाच्या किंचित वर, १.६ टन धरला. १२० दिवसांत १९२ टन, ७०,२७२ रुपये. खर्ची वजा जाता ५१,५७२ उरले. त्याने खाली रेघ ओढून लिहिले: उचल ५०,००० च्या वर नको. तो कागद घडी घालून तो शनिवारी गावी गेला.

तिकडे काय बोलणे झाले ते त्याने फारसे सांगितले नाही. वडिलांनी तो कागद दोनदा वाचून घेतला एवढे कळले. दसऱ्याला चुलते-वडील गेले, आई गावी राहिली, आणि हा परत आला. संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात बिले लिहू लागला. जाताना वडिलांना त्याने चार रकान्यांची वही आखून दिली होती: तारीख, टन, खर्ची, बाकी. चुलत्यांना आकडे लिहिता येतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला हिशोब झाला. मुकादमाच्या कागदावर १७८ टन, वहीत १८७. कारखान्याच्या पावत्या पसरून मोजल्या तेव्हा १८७ निघाले. काही दिवसांच्या पावत्या त्याच्याकडून राहून गेल्या होत्या, त्याने त्या निमूटपणे जोडून दिल्या. नऊ टनांचे ३,२९४ रुपये. तरीही सगळे मिळून २५८ रुपये अंगावर निघालेच. ते चुलत्यांनी बंडीच्या खिशातून काढून तेथेच दिले. बाकी शून्य लिहिलेली ओळ त्या मुलाने मला मुद्दाम आणून दाखवली. बँकेत मी हजारो खाती बंद होताना पाहिली. त्या शून्याइतके टपोरे शून्य कोणाच्या हातून उतरलेले आठवत नाही.

तो दुसऱ्या वर्षाला गेला आहे. यंदा टोळीतल्या आणखी सहा जोड्यांनी तशी वही मागितली. गेले आठ दिवस आमच्या टेबलावर पट्टी आणि पेन्सिल यांचे राज्य आहे. अकोल्याची मुलगी रकाने आखते, तो मथळे लिहितो, आणि आमच्या सौ. जाड दोऱ्याने वह्या शिवतात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी टनाच्या रकान्यात चौकोन काढले आहेत. एका टनाला एक रेघ मारायची, पाच झाल्या की आडवी. गाड्या दसऱ्यानंतर निघतील, म्हणजे लक्ष्मीपूजनाला या वह्या कुठल्याशा फडावर, पाचटाच्या खोपीत असतील.

काल तो पहिल्या पानापासूनच मथळे घालू लागला, तेव्हा सौ.नी सुई बाजूला ठेवून त्याला अडवले.

“पहिलं पान कोरं राहू दे रे,” त्या म्हणाल्या. “हळदकुंकवाला जागा नको का?”